शांत लगूनमध्ये मुलांना घेऊन उतरताय? या चुका टाळा

किनाऱ्यावरून बघितलं की लगूनचं, म्हणजे प्रवाळभिंतीने किंवा बांधाने समुद्रापासून आडोसा मिळालेल्या उथळ पाण्याचं, रूप हौदासारखं वाटतं. लाट नाही, तळाची वाळू स्वच्छ दिसते, मुलं गुडघाभर पाण्यात खेळतायत. बहुतेक चुका याच पहिल्या नजरेतून सुरू होतात. हौदातलं पाणी जागचं हलत नाही. लगूनमधलं पाणी मात्र सतत कुठून तरी आत येतं आणि कुठून तरी बाहेर जातं. ते कुठून येतं, कुठून जातं आणि केव्हा, हे उतरण्याआधी कळलं तर कुटुंबासाठी याहून चांगली पोहण्याची जागा नाही. त्यासाठी पहिली दहा मिनिटं कोरडं राहून पाण्याकडे बघत बसावं लागतं, आणि मुलं हात ओढत असताना नेमकी तीच राहून जातात.

चूक: सगळ्यात शांत दिसणारी जागा निवडणं

उष्ण कटिबंधातल्या बेटांभोवतीची बहुतेक लगून प्रवाळभिंतीने तयार झालेली असतात. समुद्राच्या लाटा भिंतीवर फुटतात आणि पाणी भिंतीच्या सगळ्या लांबीवरून थोडं थोडं आत सांडतं. आत आलेलं पाणी बाहेर जातं ते मात्र भिंतीतल्या एक-दोन अरुंद फटींतून. मॉरिशसमध्ये आणि ताहितीत या फटीला ‘पास’ म्हणतात. आत येण्याची वाट रुंद आणि बाहेर जाण्याची अरुंद, त्यामुळे पासमधला प्रवाह जोरदार असतो.

इथे डोळा फसतो. पासमध्ये पाणी खोल असल्यामुळे तिथे लाट फुटत नाही. डावी-उजवीकडे पांढरा फेस आणि मधोमध गुळगुळीत गडद निळा पट्टा दिसतो. नवख्या माणसाला तीच जागा सगळ्यात निवांत वाटते आणि तो नेमका तिकडे पोहत जातो.

दुसरा गैरसमज असा, की भरती चढत असताना पाणी आतच येणार, म्हणजे तेवढा वेळ पासजवळ धोका नाही. बाहेर समुद्र शांत असेल तर हे बऱ्याच अंशी खरं असतं. पण मोठ्या लाटा असल्या की त्या भिंतीवरून इतकं पाणी आत ढकलतात की लगूनची पातळी बाहेरच्या समुद्रापेक्षा वर जाते. मग भरती चढत असतानाही पासमधून पाणी बाहेरच धावत असतं. म्हणून अंदाज बघताना लाटेच्या उंचीबरोबर दोन लाटांमधलं अंतर सेकंदांत किती आहे तेही बघा. एक मीटर उंचीची पण 14-15 सेकंदांनी येणारी लाट ही तेवढ्याच उंचीच्या 6 सेकंदांच्या लाटेपेक्षा कितीतरी जास्त पाणी आत फेकते. शिवाय अशा लाटा मध्ये काही मिनिटं शांत जाऊन एकदम रांगेने येतात. पाच मिनिटं बघून ‘आज समुद्र शांत आहे’ असं ठरवणाऱ्यांची तिथेच फसगत होते.

प्रवाह मोजायला यंत्र लागत नाही. जिथे पोहायचं आहे तिथे पाण्यावर एक सुकं पान टाका आणि काठाने त्याच्या बरोबरीने एक मिनिट चाला. दहा पावलं सरकलं तर हरकत नाही. चाळीस पावलं सरकलं, तर प्रवाहाचा वेग सेकंदाला साधारण अर्धा मीटर आहे. हौशी पोहणारा प्रौढ जेमतेम त्या वेगाने पोहतो, म्हणजे प्रवाहाविरुद्ध तो जागच्या जागी राहील. मुलाला तिथे उतरवायचंच नाही.

माणसांनी खणलेल्या लगूनलाही हाच नियम. हवाईतल्या ओआहू बेटावरच्या को ओलिना इथे अशी चार लगून आहेत. तोंडाशी खडकांचे बांध घालून लाट अडवलेली आहे आणि पाणी खेळतं राहावं म्हणून मध्ये मोकळी जागा सोडलेली आहे. वाळूजवळ पाणी निश्चल असलं तरी या मोकळ्या जागांत खेच असते. मुलं मासे बघायला खडकांकडेच जातात, म्हणून हद्द आधी ठरवून दाखवा: ‘त्या झाडाच्या समोरच्या रेषेपलीकडे नाही.’ नुसतं ‘लांब जाऊ नको’ म्हटल्याने मुलाला काही कळत नाही.

एवढं करूनही कोणी प्रवाहात सापडलंच, तर:

1. किनाऱ्याकडे सरळ तोंड करून झगडू नये. पाठीवर तरंगावं आणि श्वास सावरावा.
2. लगूनच्या आत असतानाच पासच्या वाटेपासून आडवं, उथळ पाण्याच्या दिशेने पोहावं.
3. पासमध्ये शिरल्यावर कडेचा खडक पकडायला जाऊ नये. लाट तिथेच आपटते. वाहत बाहेर जावं. पाणी मोकळं झालं की प्रवाह विरतो.
4. बाहेर पडल्यावर भिंतीवरून परत आत यायचा प्रयत्न करू नये. एक हात उंच धरून हलवत राहावं आणि मदतीची वाट बघावी.
5. किनाऱ्यावरच्यांनी रिकाम्या हाताने मागे उडी मारू नये. तरंगणारी काहीही वस्तू सोबत घ्यावी, आणि एकाने फक्त नजर ठेवून बोट दाखवत उभं राहावं. लाटांमध्ये माणसाचं डोकं एकदा नजरेआड झालं की परत सापडत नाही.

चूक: भरती-ओहोटीचा तक्ता न बघणं, किंवा बघून चुकीचा वाचणं

एका बेटाचा अनुभव दुसऱ्या बेटावर चालत नाही. ताहितीत भरती-ओहोटीवर चंद्रापेक्षा सूर्याचा पगडा आहे. तिथे भरती रोज दुपारी बाराच्या आणि मध्यरात्रीच्या सुमारास येते आणि चढउतार जेमतेम 30 सेंटीमीटरचा असतो. मुलांना दिवसभर कधीही न्या, खोलीत फारसा फरक पडत नाही. याउलट झांझिबारच्या पूर्व किनाऱ्यावर, पाजे-जांबियानीच्या बाजूला, उधाणाच्या दिवसांत पाणी साडेतीन-चार मीटर चढतं-उतरतं. सकाळी छायाचित्रात होता तसा निळा लगून बघून निघालात आणि दुपारी पोहोचलात, तर पाणी किलोमीटरभर मागे गेलेलं आणि समोर ओली वाळू असं होऊ शकतं.

अमावास्या-पौर्णिमेच्या आसपास उधाण, अष्टमीच्या आसपास भांग, म्हणजे सगळ्यात लहान भरती-ओहोटी. ज्या बेटांवर चंद्राची भरती चालते तिथे लहान मुलांसाठी भांगाचे दिवस सोयीचे. चढउतार कमी, म्हणून प्रवाहही सौम्य. भरतीची वेळ रोज सरासरी 50 मिनिटांनी पुढे सरकते. काल दहाला छान पाणी होतं म्हणून आज दहालाच जाणं, आणि चौथ्या दिवशीही दहालाच जाणं, यात हिशेब अडीच तासांनी चुकतो.

पाणी एका वेगाने चढत नाही, हेही लक्षात ठेवा. सहा तासांची भरती धरली तर पहिल्या तासात एकूण चढाच्या बाराव्या हिश्श्याएवढं पाणी चढतं, दुसऱ्या तासात दोन हिस्से, तिसऱ्या-चौथ्यात तीन-तीन, मग दोन, मग एक. चढ 3.6 मीटरचा असेल तर पहिल्या तासात 30 सेंटीमीटर आणि तिसऱ्या तासात 90 सेंटीमीटर. म्हणजे सहा वर्षांच्या मुलाच्या छातीएवढं पाणी एका तासात वाढतं. ओहोटीला वाळूच्या दांड्यावर किंवा प्रवाळभिंतीपर्यंत चालत गेलेली कुटुंबं इथेच अडकतात. पाणी समोरून येईल या अपेक्षेने ती समुद्राकडे बघत असतात, आणि किनाऱ्यालगतचा सखल पट्टा पाठीमागे आधी भरतो. नियम सोपा आहे: तक्त्यातली ओहोटीची वेळ ही परतायला वळण्याची वेळ. त्या वेळेला निघायचं असतं, भिंतीवर पोहोचायचं नसतं.

तक्ता वाचताना दोन गोष्टी चुकतात. तक्त्यात 0.2 मीटर लिहिलं म्हणजे लगूनमध्ये वीतभर पाणी आहे असं नाही. तो आकडा एका ठरावीक पातळीपासून मोजलेला असतो, लगूनच्या तळापासून नाही. आणि तक्ता कुठल्या बंदराचा आहे ते बघा. बेटाच्या दुसऱ्या बाजूला वेळ मागेपुढे होते.

मग नेमकं जायचं कधी? चढउतार लहान असेल तर छोट्या मुलांसाठी ओहोटीच्या आधी-नंतरचा तास-दीड तास उत्तम. भिंतीचा माथा उघडा पडलेला असतो आणि लाट आत येऊच शकत नाही. चढउतार मोठा असेल तर त्या वेळी पोहण्याइतकं पाणीच उरत नाही. तिथे भरतीच्या माथ्याआधीच्या दोन तासांत उतरा आणि पाणी फिरलं की बाहेर या. पाणी उतरत असतानाचे मधले दोन तास दोन्हीकडे वर्ज्य, कारण पास तेव्हा सगळ्यात जोरात ओढतो.

चूक: फुगवलेल्या रिंगवर विश्वास

बेटाच्या ज्या बाजूला वाऱ्यापासून आडोसा असतो ती बाजू पोहायला शांत, हे बरोबर. व्यापारी वारे उत्तर गोलार्धात ईशान्येकडून आणि दक्षिण गोलार्धात आग्नेयेकडून येतात, म्हणून शांत किनारे साधारणपणे पश्चिमेच्या अंगाला सापडतात. पण तिथे वारा जमिनीकडून समुद्राकडे वाहतो. काठाशी पाणी काचेसारखं, आणि शंभर मीटरवर बारीक लाटा उठलेल्या. फुगवलेली गादी, हंस, टायर हे सगळं या वाऱ्याला शिडासारखं असतं. मुलाला कळेपर्यंत ते पाय टेकणाऱ्या पाण्याबाहेर गेलेलं असतं, आणि घाबरून उडी मारली तर आणखी वाईट. असा वारा असेल तर रिंग पिशवीतच राहू द्या. वापरायचीच असेल तर दोरी बांधा आणि टोक मोठ्या माणसाच्या हातात असू द्या.

दंडावरचे फुगे हेही खेळणंच. पोहता न येणाऱ्या मुलाला 100 न्यूटन उत्प्लावकतेचं (पाण्यात वर उचलून धरणाऱ्या बलाचं), मानेमागे कॉलर असलेलं आणि दोन पायांमधून पट्टा जाणारं लाइफ जॅकेट लागतं. 50 न्यूटनचं जॅकेट पोहता येणाऱ्यांसाठी असतं. ते बेशुद्ध माणसाचं तोंड वर वळवत नाही. माप वयावरून नव्हे, वजनावरून घ्या. सगळे पट्टे आवळून खांद्यांशी धरून वर उचला. जॅकेट कानांपर्यंत सरकलं तर ते मोठं आहे. ‘पुढच्या वर्षीही चालेल’ म्हणून मोठं घेतलेलं जॅकेट पाण्यात एकटंच वर येतं आणि मूल खाली राहतं.

चूक: ‘सगळे बघतायत’

लगूनकाठी आठ मोठी माणसं बसलेली असतात आणि मुलावर एकाचीही नजर नसते, कारण प्रत्येकाला वाटतं दुसरा बघतोय. बुडणारं मूल हात हलवत नाही, ओरडत नाही. श्वास घ्यायलाच वेळ पुरत नाही तर आवाज कुठून निघणार? डोकं मागे झुकलेलं, तोंड पाण्याच्या पातळीवर, शरीर उभं, पाय जवळजवळ स्थिर, आणि हात शिडी चढल्यासारखे पाणी खाली दाबत असलेले. हे सारं 20 ते 60 सेकंदांत संपतं. दंगा करणारी मुलं अचानक गप्प झाली तर आधी तिकडे धावा.

उपाय: एका वेळी एकच जबाबदार माणूस, 15 मिनिटांची पाळी, आणि पाळी नाव घेऊन बदलायची: ‘आता तू बघ.’ ‘हो, मी बघतोय.’ पाळीवर फोन नाही, गप्पा नाहीत. पाच वर्षांखालच्या किंवा पोहता न येणाऱ्या मुलापासून एका हाताच्या अंतरावर, आणि तेही पाण्यात उभं राहून.

किनाऱ्यावर जीवरक्षक आहेत का ते आधी बघा. अनेक लगूनवर नसतात. असतील तर लाल-पिवळ्या दोन झेंड्यांमध्येच पोहा. एकटा लाल म्हणजे मोठा धोका, दोन लाल म्हणजे पाण्यात उतरायला बंदी, जांभळा म्हणजे जेलीफिशसारखे डंख मारणारे प्राणी. रुग्णवाहिकेचा नंबर पोहोचल्यावर नव्हे, निघण्याआधी फोनमध्ये घाला: हवाईत 911, फ्रेंच पॉलिनेशियात (ताहिती त्यातच येतं) 15, मॉरिशसमध्ये 114.

चूक: दिसतं तेवढंच खोल समजणं

पाण्यातून प्रकाश वाकतो, त्यामुळे वरून सरळ खाली बघताना तळ खऱ्या खोलीच्या तीन चतुर्थांशावर दिसतो. दीड मीटर वाटणारं पाणी दोन मीटर असतं. मोठ्यांना तिथे पाय टेकत नाहीत, आणि मूल तर पूर्ण बुडतं. खणलेल्या लगूनमध्ये उतार बऱ्याचदा एकदम असतो: चार पावलं कमरेएवढं, पाचव्याला गळ्यापर्यंत. मुलाला सोडण्याआधी मोठ्या माणसाने काठाला समांतर चालून तो कोपरा पायांनी तपासावा. रंगही सांगतो. फिकट हिरवट-निळं म्हणजे उथळ वाळू, गडद निळं म्हणजे खोल, तपकिरी म्हणजे पृष्ठभागाखाली लगेच प्रवाळ. सूर मारून कुठेही उतरू नका.

चूक: अनवाणी पाय आणि चुकीचा प्रथमोपचार

जाड रबरी तळाचे पाण्यातले बूट घाला. वाळूत पाय उचलून टाकू नका, घासत चला. वाळूत दडलेला स्टिंगरे (शेपटीला विषारी काटा असलेला चपटा मासा) त्या हालचालीने आधीच निघून जातो. शंकूच्या आकाराचा नक्षीदार शंख उचलू नका. आत जिवंत गोगलगाय असेल तर काही जातींचा डंख प्राणघातक ठरतो आणि त्यावर उतारा नाही. प्रवाळावर तर उभं राहायचंच नाही. ते दगड नाहीत, जिवंत प्राण्यांची वसाहत आहे. घुमटासारखी प्रवाळं वर्षाला साधारण सेंटीमीटरभर वाढतात, म्हणजे एका टाचेखाली कित्येक वर्षांची वाढ मोडते.

स्टिंगरे, स्टोनफिश (दगडासारखा दिसणारा विषारी काट्यांचा मासा) किंवा समुद्री साळिंदर टोचलं तर जखम सोसवेल इतक्या गरम, 40 ते 45 अंश पाण्यात 30 ते 90 मिनिटं ठेवावी. पाण्याचा अंदाज मदत करणाऱ्याने स्वतःच्या हाताने घ्यावा, कारण जखमी पायाला चटका कळत नाही. वर आलेले काटे चिमट्याने काढा, खोल गेलेले डॉक्टरांवर सोपवा. स्टोनफिशचा संशय असेल तर गरम पाण्यातच पाय ठेवून रुग्णालय गाठा.

जेलीफिशच्या डंखावर गोडं पाणी, वाळूने चोळणं, लघवी, यातलं काहीही करू नका. न फुटलेल्या डंखपेशी त्याने फुटतात आणि विष आणखी भिनतं. बॉक्स जेलीफिशला व्हिनेगर ओततात. ब्लूबॉटलसाठी (निळ्या फुग्यासारखा तरंगणारा, जेलीफिशसारखा डंख मारणारा प्राणी) ऑस्ट्रेलियातली पद्धत वेगळी आहे: समुद्राच्याच पाण्याने धुवायचं, तंतू काढायचे आणि 45 अंशांच्या पाण्यात 20 मिनिटं ठेवायचं. तिथे व्हिनेगर वापरत नाहीत. म्हणून त्या किनाऱ्यावर कोणती जात येते हे आधी विचारून घ्या. हवाईच्या दक्षिणाभिमुख किनाऱ्यांवर बॉक्स जेलीफिश पौर्णिमेनंतर 8 ते 10 दिवसांनी येतात, म्हणजे साधारण वद्य अष्टमी ते दशमी. सहलीचा दिवस ठरवतानाच हे टाळता येतं.

प्रवाळाने खरचटलं तर जखम लहान दिसली तरी साबण आणि स्वच्छ पाण्याने चोळून धुवा. आत राहिलेले बारीक कण आठवडाभर चिघळत राहतात.

चूक: पावसानंतर लगेच उतरणं

लगूनची भिंत लाट अडवते तशी घाणही अडवते. जोराच्या पावसानंतर ओढ्यांचं पाणी, मैला, जनावरांचं मूत्र आत येतं आणि लवकर बाहेर जात नाही. पाणी तपकिरी असेल तर उतरू नका. स्वच्छ दिसायला लागलं तरी दोन-तीन दिवस थांबा, आणि अंगावर उघडी जखम असेल तर नक्कीच. ओढ्याच्या मुखाजवळ लेप्टोस्पायरोसिसचा धोका असतो. तान्ह्या मुलांचे पोहण्याचे डायपर लघवी अडवत नाहीत; ते तासा-तासाने, पाण्यापासून दूर जाऊन बदला.

चूक: ऊन फक्त वरून लागतं असं समजणं

अर्धा मीटर खोलीवरही पृष्ठभागाच्या सुमारे 40 टक्के अतिनील किरण पोहोचतात. पाण्यात गार वाटतं म्हणून भाजल्याचं रात्री कळतं. पूर्ण बाह्यांचा पोहण्याचा अंगरखा हा सगळ्यात खात्रीचा उपाय, मग उरतात चेहरा, मान आणि पायांच्या मागच्या बाजू. सनस्क्रीन कमी लावणं ही घरोघरची चूक: प्रौढाच्या पूर्ण अंगाला सुमारे 30 मिलिलिटर लागतं, उतरण्याआधी 15 ते 20 मिनिटं लावावं लागतं आणि दर दोन तासांनी पुन्हा. पलाऊ या बेटांच्या देशात 1 जानेवारी 2020 पासून प्रवाळाला घातक घटक असलेल्या सनस्क्रीनवर बंदी आहे, आणि हवाईत 1 जानेवारी 2021 पासून ऑक्सिबेन्झोन व ऑक्टिनॉक्सेट असलेल्या सनस्क्रीनच्या विक्रीवर. झिंक ऑक्साइडचं घेतलं तर दोन्हीकडे चालतं. सहा महिन्यांखालच्या बाळाला सनस्क्रीनपेक्षा सावली द्या.

पाणी 27-28 अंश असलं तरी मुलांना थंडी वाजते, कारण पाणी हवेपेक्षा सुमारे 25 पट वेगाने उष्णता खेचतं. ओठ निळसर झाले, दात वाजू लागले की बाहेर काढा; अर्ध्या तासाने एकदा बाहेर आणून पुसायचं, हे आधीच ठरवलेलं बरं.

चूक: मास्क पहिल्यांदा खोल पाण्यात लावणं

पट्टा न लावता मास्क चेहऱ्यावर ठेवा आणि नाकाने श्वास आत ओढा. मास्क चिकटून राहिला तर माप बरोबर. पाणी आत येत असेल तर पट्टा आवळत बसू नका. बहुतेक वेळा कडेखाली केस किंवा मिशा अडकलेल्या असतात. धुकं धरत असेल तर बेबी शॅम्पूचा एक थेंब आतून चोळून हलकेच धुवा. पहिली दहा मिनिटं कमरेएवढ्या पाण्यात, पाय टेकून. दम लागल्यासारखं वाटलं तर लगेच उभं राहा किंवा पाठीवर वळा आणि नळी-मास्क काढा. ‘पाच मिनिटांत सवय होईल’ असं म्हणून पुढे जाऊ नका. खोल सूर मारण्याआधी भराभर श्वास घेण्याची स्पर्धा मुलांत लागते, ती थांबवा. त्याने श्वास जास्त वेळ रोखता येतो असं वाटतं, पण श्वास घ्यायची निकड जाणवण्याआधीच शुद्ध हरपू शकते.

गटांगळी खाल्ल्यानंतर

मूल खोकून मोकळं झालं, रडलं आणि परत खेळायला लागलं, तरी पुढचे काही तास लक्ष ठेवा. खोकला थांबत नसेल, श्वास जलद किंवा कष्टाने चालत असेल, मूल विचित्र सुस्त वाटत असेल किंवा उलट्या होत असतील तर रुग्णालयात न्या. ‘झोपून उठलं की बरं वाटेल’ म्हणून झोपवू नका. पाण्यातून बाहेर काढलेलं मूल श्वासच घेत नसेल तर त्याला उलटं धरणं, पोट दाबून पाणी काढणं यात एक सेकंदही घालवू नका. पाठीवर झोपवा, हनुवटी वर करा, आधी तोंडाने 5 श्वास द्या, मग छातीवर 30 दाब आणि 2 श्वास हा क्रम मदत पोहोचेपर्यंत चालू ठेवा. शेजारच्या माणसाकडे बोट दाखवून ‘तुम्ही फोन करा’ असं सांगा.